यंदा पात्र कोणी नाही

कुपीवरील लाखेची मोहोर शाबूत होती. आतले यीस्ट मात्र निःशेष मेलेले होते.

विज्ञान-पारितोषिक समितीच्या चिटणीसांनी ती मोहोर आदल्या दिवशी शास्त्रज्ञाच्या घरामागील प्रयोगशाळेत स्वहस्ते लावली होती. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात हे यीस्ट वाढते, असा त्याचा दावा. सकाळी समितीसमोर ते वाढलेच नाही. घातपात सिद्ध झाला तरच फेरचाचणी होणार होती; अन्यथा ‘पात्र कोणी नाही’ अशी घोषणा लागोपाठ तिसऱ्या वर्षी व्हायची होती.

म्हणून निवृत्त तपासनीस अप्पांना पाचारण झाले.

“गेल्या वर्षी नापास झालेल्याचंच काम हे,” शास्त्रज्ञ धुसफुसला. “काल मोहोर लागल्यावर आला होता, गोड गोड बोलत. पोटात दुखतंय त्याच्या.”

“एकटा होता इथे?”

“मी त्याला पाणी आणायला गेलो, तेवढाच वेळ.”

“राखीव यीस्ट?”

“स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये. बाहेर कोणाला पत्ताही नव्हता. तेही मेलंय, अप्पा. जगात दुसरीकडे कुठे नाही ते.”

अप्पांनी कुपी उजेडात धरली. लाख कोठेही तडकली नव्हती. परंतु मोहरेवरील अक्षरे ओघळून पुसट झाली होती.

शास्त्रज्ञाची धाकटी बहीण, प्रयोगातील त्याची सहकारी, दारातून म्हणाली, “राहू द्या ना ती फेरचाचणी. दादा थकलाय.”

“तू गप गं. तुला काय कळतंय?”

“लवकर आटपा हो,” चिटणीस कुरकुरले. “समिती ताटकळलीय तिकडे.”

अप्पा सावकाश खुर्चीत टेकले. “मोहोर फुटली नाही, म्हणजे आत विष गेलं नाही. अक्षरं ओघळली, म्हणजे बंद कुपीच तापत्या पाण्यात ठेवली. पाहुणा तेवढ्यात पाणी कधी तापवणार? शिवाय त्याला ही एक कुपी पुरे होती. राखीव यीस्ट मारलं ते फेरचाचणी होऊच नये म्हणून. आणि ते कुठे आहे, हे घरातल्यालाच ठाऊक. चाचणीत हे नापास होणार, याची ज्याला खात्री होती त्याचं हे काम. पोरी, आता तूच बोल.”

बहिणीने मान खाली घातली नाही.

“दादा, आपला क्षारमापक चुकीचा आहे. मी दुसऱ्या मापकावर पाहिलं. आपण यीस्ट वाढवलं ते पाणी समुद्राच्या निम्मंही खारं नव्हतं. समितीनं स्वतःच्या यंत्रावर मोजलं असतं, तर चारचौघांत खोटारडा ठरला असतास. यीस्ट मेलं, तर नशीब फुटकं म्हणतील, एवढंच.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं. ‘बघू नंतर’ म्हणालास. दर वेळी.”

“किती वेळा मोजलंस?”

“एकदा.”

“एकदाच.” शास्त्रज्ञाने दोन्ही हातांनी डोके धरले. “आणि तो दुसरा मापकच बिघडलेला असला तर?”

आता मात्र बहिणीची मान खाली गेली.

“मग फेरचाचणी?” चिटणीसांनी विचारले.

“कशाची घेणार?” अप्पा म्हणाले.

चिटणीस घोषणा करावयास निघून गेले. शास्त्रज्ञ मेलेल्या यीस्टकडे पाहत राहिला.

“तुझं खरं की माझं,” तो म्हणाला, “आता कसं ठरवायचं गं?”