लिथियमच्या खालचं घर

मंगळावरच्या वस्तीत त्या सकाळी जो तो जांभया देत होता. नीरजाचं डोकं जड झालं होतं आणि धाकटा ओजस हलवूनही उठत नव्हता. आई त्याच्यापाशी थांबली आणि नीरजा धावतच प्रयोगशाळेत गेली. तिची कुमुदआत्या वस्तीची रसायनतज्ज्ञ होती.

"आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत साठतोय," आत्या हातमोजे चढवत म्हणाली. "तो शोषणारं लिथियम हायड्रॉक्साइड संपलंय आणि धुळीच्या वादळामुळे पृथ्वीचं यान उतरू शकत नाहीये."

"आता काय करायचं?"

आत्याने भिंतीवरच्या आवर्तसारणीकडे (मूलद्रव्यांच्या तक्त्याकडे) बोट दाखवलं. "लिथियमचं काम दुसरं कोण करेल?"

"बेरिलियम. शेजारीच आहे."

"शेजारी आहे, पण स्वभाव वेगळा. अणूत इलेक्ट्रॉन (ऋणभाराचे सूक्ष्म कण) थराथरांत असतात. स्वभाव ठरतो तो मुख्यतः बाहेरच्या थरावरून. लिथियमच्या बाहेरच्या थरात एक इलेक्ट्रॉन, बेरिलियमच्या दोन. आता खाली बघ."

खाली सोडियम होतं, क्रमांक अकरा. नीरजाने बोटांवर मोजलं. पहिल्या थरात दोन, दुसऱ्यात आठ, उरला...

"एकच," ती हळूच म्हणाली. "म्हणून त्याला इथे बसवलंय?"

"म्हणूनच. या उभ्या रांगेला गण म्हणतात. एका गणातली मूलद्रव्यं बरीचशी सारखी वागतात. साबणासाठी आणलेला कॉस्टिक सोडा आहे ना आपल्याकडे? ते सोडियम हायड्रॉक्साइडच."

"मग यानातून तेच का नाही आणत?"

"सोडियमचा अणू जड. तेवढ्याच कामाला दीडपटीहून जास्त वजन लागतं. तू लांब उभी राहा, कातडी भाजते या सोड्याने."

आत्याने हवाशुद्धी यंत्राच्या डब्यांत सोडा भरला आणि पंखा सुरू केला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा काटा बराच वेळ जागचा हलला नाही. नीरजाला आईकडे जाववेना आणि थांबवतही नव्हतं. मग काटा जरासा खाली आला, आणि उतरतच राहिला.

दुपारी ओजस उठला आणि पराठा मागू लागला. आईने डोळे पुसले.

संध्याकाळी नीरजा पुन्हा तक्त्यासमोर उभी होती. त्या रांगेत सर्वांत खाली फ्रान्सियम होतं.

"याच्या खाली कोण?"

"एकशे एकोणिसावं. अजून कोणाला बनवता आलेलं नाही."

"पण त्याच्याही बाहेरच्या थरात एकच इलेक्ट्रॉन असेल."

"बहुधा. बनवल्याशिवाय खात्री नाही."

नीरजाने पेन्सिल घेतली आणि फ्रान्सियमच्या खाली एक रिकामी चौकट आखली.