धरलेलं पाऊल

काम तसं साधंच होतं. भर दुपारी जायचं, गुडघ्याचा एमआरआय काढायचा आणि घरी यायचं. गोलकीपर बाई थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, खांद्यावर भार टाकून लंगडत आली, पण लंगडणंही तोऱ्यात. झेप घेताना तिचा डावा गुडघा पिळवटला होता आणि आत काहीतरी कट्कन वाजलं होतं. "आतलं लिगामेंट तुटलं असेल, तर या वयात खेळ विसरा," सर्जन म्हणाले होते.

"माझं अडलंय खेटर!" ती तिथल्या तिथे म्हणाली होती. उद्या संघाची निवड होती आणि रिपोर्ट आजच हवा होता.

टेक्निशियन भला माणूस. पाय हलला की चित्र फिसकटतं, म्हणून सोबतच्या माणसाला पाऊल धरायला बसवायची त्याची रीत होती. ताई मशीनच्या मागच्या तोंडाशी बसली. बाईचे पाय बोगद्यात गेले, डोकं बाहेर राहिलं. कानांवर हेडफोन चढवले, हातात एक रबरी फुगा दिला. घाबरलात तर दाबा, मशीन थांबेल. मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेही उद्याच.

ठकठक सुरू झाली. मग घरघर. खोलीत स्पिरिटचा गार वास. ताईची पकड आधी हलकी होती, मग घट्ट झाली, मग बर्फासारखी थंड... आणि पाऊल हळूहळू पिळायला लागली. त्या दिवशी गुडघा पिळवटला होता, अगदी त्याच बाजूला.

आवाज मध्येच क्षणभर थांबताच ती कळवळली, "ताई, पिळू नकोस गं..."

हेडफोनमध्ये टेक्निशियन बोलला. "ताई तर इथे माझ्याजवळ आहेत. आवाज सोसेना म्हणून मघाशीच बाहेर आल्या..."

तिची बोटं फुग्याभोवती वळली. भीती वाटत होती, प्रचंड वाटत होती. पण त्याहून जास्त संताप आला. आयुष्यभर अंगावर येणारे चेंडू अडवले, आणि आता एका हाताला भ्यायचं? तिने फुगा सोडून दिला.

"कोण असशील ते अस," ती पुटपुटली. "धरलाच आहेस, तर नीट धर. हलवलास तर याद राख!"

पीळ थांबला. ठकठक पुन्हा सुरू झाली. पकड मात्र वर सरकत गेली. पोटरी... गुडघा... आणि मग आत.

रेडिओलॉजिस्टनी स्क्रीनवरची चित्रं पुन्हा पुन्हा मागेपुढे केली. "पहिल्या चित्रांत लिगामेंट साफ तुटलंय. शेवटच्या चित्रांत अखंड आहे. असं होत नाही हो..."

"झालंय ना? मग तसं लिहा!"

ती आधार न घेता उठली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. उजवा पाय दाराकडे निघाला. डावा मात्र मशीनच्या खोलीकडे वळला.

तिने दोन्ही हातांनी मांडी पकडली. "इकडे," ती दातओठ खात म्हणाली. "मला खेळायचंय."

पाय वळला. पण लगेच नाही.