भट्टीतून आलेलं 'हलो'

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नाही त्यानं गांधीनगरला यावं, मी भट्टी दाखवते. आत हात घालायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. वसुबारसेचा आदला दिवस. दुपारचे तीन.

हो, दुपारचे. आमच्याकडे जे घडलं त्याला अंधार लागला नाही.

मी मोना. कोल्हापूरजवळ गांधीनगरात आमची बेकरी आहे. फाळणीत माझे आजी-आजोबा सिंधमधलं शिकारपूर सोडून इथल्या छावणीत आले. आजोबा सायकलला डबा बांधून कोल्हापुरात दारोदार टोस्ट विकायचे. "निर्वासितांच्या हातचं कोण खाणार?" असं तोंडावर ऐकून यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभे राहायचे. चार वर्षांत तीच माणसं मिसळीबरोबर आमचाच ब्रेड मागायला लागली. मग आजीनं, देवीबाईनं, स्वतः विटा वाहून ही लाकडावरची भट्टी बांधून घेतली.

आता आजी नाही. बाबाही नाहीत. बेकरी मी चालवते.

दिवाळीत लोक घरून मैदा, तूप, साखर आणतात आणि आमच्याकडून नानकटाई भाजून नेतात. त्या दिवशी असे चाळीस डबे रांगेत होते. सकाळचा ब्रेड झाला होता, भट्टी गार होती. हंबीरराव आतली राख ओढत होते. पेठ वडगावचा माणूस, तीस वर्षं आमच्याकडे भट्टीवर.

आणि अचानक... वास गेला.

बेकरीतला वास कधी जात नाही. भिंतीत मुरलेला असतो. पण त्या क्षणी तुपाचा नाही, पावाचा नाही, राखेचासुद्धा नाही.

मग रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज थांबला.

मग... टक. टक. टक.

भट्टीच्या आतून.

हंबीररावांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, फोन कुणाचा आलाय?"

"कुणाचाच नाही."

"मग हॅलो कोण म्हणालं? आत्ता ऐकलं की मी!"

मीही ऐकलं होतं. पण ते हॅलो नव्हतं. ते 'हलो' होतं.

आमच्या सिंधीत त्याचा अर्थ... चला.

हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. शिकारपूरच्या घराचं दार वाजवून कुणीतरी एवढंच म्हणालं होतं, आणि आजी नेसत्या कपड्यानिशी निघाली होती. ते कोण होतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. या भट्टीला पहिला जाळ घातला त्या आठवड्यात तोच आवाज आतून आला, असं ती सांगायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीचे भास.

हंबीररावांनी वाकून आत हात घातला.

आणि ओरडले.

हात ओढून बाहेर काढला तेव्हा मनगटावर पिठाची पाच बोटं उमटली होती. पांढरी, ओली. आत फक्त राख होती. पीठ कुठून आलं?

"माझा हात धरला, ताई... आत कुणीतरी हाय."

ते तसेच घरी गेले. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, अंगात ताप आहे. दोन पोरी पॅकिंगला होत्या, त्याही आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी. समोर चाळीस डबे.

पहिला डबा चिमणाबाईंचा. त्या दारातून म्हणाल्या, "व्हय गं मोना, ऐकलं ते खरं हाय? बेकरी बंद करणार?"

"परवा नानकटाई न्यायला या, मावशी," मी म्हणाले.

त्या गेल्या. आणि... वास गेला.

टक. टक. टक.

"हलो."

घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त राग आला. एका शब्दावर माझ्या माणसांनी एकदा घर सोडलं. आता हा शब्द माझ्या दारात?

मी भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकले. डोकं आत घातलं. आत इतका गारठा होता की दात वाजले.

"आम्ही नाही जाणार!" मी सिंधीत ओरडले. मग मराठीतही ओरडले. "न्हाय जाणार! जायचं तर तू जा!"

मग माझ्या गालावर... कुणीतरी श्वास सोडला.

मी हलले नाही. किती वेळ, सांगता येणार नाही. हळूहळू तुपाचा वास आला. रस्त्यावर हॉर्न वाजला.

मी उठले, लाकडं रचली आणि काडी लावली. रात्रभर एकटीनं नानकटाईचे पत्रे आत-बाहेर केले. चाळीसच्या चाळीस डबे भाजले. सकाळी हंबीरराव दारात उभे. मनगटाला फडकं बांधलेलं.

"तुम्ही कशाला आलात? ताप आहे ना?"

"तुमची आजी हितनं पळाली न्हाय. तुमी पळाला न्हाय. मी काय पळून वडगावात तोंड दाखवू?"

त्यांच्या मनगटावरची बोटं आठ दिवस धुतली तरी गेली नाहीत. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी. असेल.

बेकरी चालू आहे. एक दिवस बंद ठेवली नाही.

पण गेल्या दिवाळीत, त्याच दुपारी, वास पुन्हा गेला. मी हातात झाडू घेऊन उभी राहिले. आवाजाची वाट बघितली.

'हलो' आलं नाही.

आतून फक्त... कुणीतरी दमून खाली बसल्यासारखा आवाज आला. जणू त्यानंही आता जायचं नाही असं ठरवलंय.

हंबीरराव माझ्याकडं बघत होते. "ताई, जाळ घालू का नको?"

मी हातातला झाडू खाली ठेवला.

मग मी म्हणाले, "घाला."