मुकं यंत्र

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा क्षणभर थांबले की सगळी सभा कशी कान देते, तसे कान द्या. गोष्ट सांगतो, पण ती हसवणारी नाही.

१९४६ साल. साक्रीकडच्या एका खेड्यातून वच्छलाबाई धुळ्याला निर्मलकुमारांच्या दारी आली. निर्मलकुमार खासगी तपास करीत. बाईचा नवरा जीवरामबुवा कीर्तनकार होता. दरोड्याची आवई उठली तेव्हा त्याने खंडेरावाचा चांदीचा मुखवटा देवळाच्या अंगणात पुरला, आणि जागा सांगण्याआधीच तापाने गेला.

"गाव म्हनस, मुखवटा मीच इका, पैसा करा," ती म्हणाली. "माले देऊळनी पायरी बंद करी."

दुसऱ्या दिवशी निर्मलकुमार आपले मित्र चुडामण मास्तर यांना घेऊन गावात पोचले. अंगणात गावचाच झुलाल, मुखवटा शोधायला गावाने लावलेला, लांब दांड्याचं यंत्र जमिनीवरून फिरवत होता. लढाईत तो पेरलेले सुरुंग शोधायचा. यंत्र लष्करी मालाच्या लिलावातलं. कानांवर हेडफोन.

निर्मलकुमारांनी मागून दोनदा हाक मारली. उत्तर नाही. खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला.

"बहिरा आहेस का रे?" मास्तर म्हणाले.

झुलालने हेडफोन काढले. "हे चढवलं की तोफबी ऐकू येत नही, मास्तर. धातू लागला तर फक्त यातच वाजतं. तीन दिवस झाले, यंत्र मुकं शे."

तो पाणी प्यायला बसला, पण खांद्यावरची बॅटरीची पिशवी काही उतरवली नाही.

पुजारी हिलालनाना म्हणाले, "आम्ही सगळे अंगणात बसूनच असतो. आज दुपारी आरतीला बठ्ठं गाव, झाडून सगळे, आत होतं तेवढंच."

"आणि तू?" निर्मलकुमारांनी झुलालला विचारलं.

"यंत्र फिरवत होतो. फाटकापासून बेलापर्यंत, एकदाबी थांबलो नही."

"म्हणजे तुझी आरती चुकली."

झुलालला ते लागलं. "चुकी कशी? बठ्ठी आरती ऐकी मी. मधमा कापूर विझी गया, परत पहिलेपाईन म्हनी."

"खरंय," हिलालनाना म्हणाले. "तसंच झालं."

मास्तरांनी मान डोलावली. "भाविक आहे पोरगा."

"भाविक आहे, म्हणूनच सापडला," निर्मलकुमार हळू म्हणाले. "मास्तर, तोफ न ऐकणाऱ्या कानांनी आरती कशी ऐकली? हेडफोन उतरवले तेव्हा. शोधणारा माणूस ते का उतरवील? यंत्र वाजलं होतं आणि तो खणत होता. आरती कधी संपते, लोक कधी बाहेर येतात, यावर कान ठेवायला हवा होता. आणि लगेच घरी जायची सोय नव्हती, गावाची नजर होती. झुलाल, पिशवी उतरव."

पिशवीत बॅटरीशेजारी धोतराच्या चिंधीत मुखवटा होता. डोळ्यांत अजून माती.

"लढाई संपली, काम संपलं," झुलाल खाली बघत म्हणाला. "देवानं मालेच दिधा, असं वाटलं."

हिलालनाना वच्छलाबाईला म्हणाले, "चल अक्का, वर ये."

तिने पदराने देवाचे डोळे पुसले आणि मुखवटा नानांच्या हाती दिला. "मना मालक गया तवय मी तेरा दिवस एकली रडनू, नाना. मना दारशी कोणी उनं नही."

पायरी न चढताच ती माहेरच्या वाटेला लागली. गावाने नंतर दोनदा माणूस पाठवला. ती आली नाही. चार महिन्यांनी तिकडेच वारली.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा बाबांनो, वच्छलाबाईची एक आठवण ठेवा.