हिमनगाची खोक

फिलोमिना तेलविहिरीला माल पोचवणाऱ्या बोटीवर स्वयंपाक करायची. मंगळवारी सकाळी तिनं एका हिमनगाला हूक मारून कडेचा ढलपा काढला, डब्यात भरला आणि मालाबरोबर भर समुद्रातल्या विहिरीच्या फलाटावर, तिथं कामाला असलेल्या धाकट्या भावाला, गसला, धाडला. त्याचा वाढदिवस होता. असला बर्फ सरबतात घालून प्यायचा, ही न्यूफाउंडलंडच्या माणसांची हौसच. त्यात वावगं ते काय?

गुरुवारी धुकं असं दाटलं की स्वतःचा हात दिसेना. तोच हिमनग फलाटाच्या रोखानं निघाला होता. दोराचा फास टाकून त्याला बाजूला ओढायचं, हे काम याच बोटीचं. चार तास इंजिन किंचाळत होतं.

"सरकला का?"

"सरकला, पण उलटा," कप्तान टोबिन म्हणाला. "वारा इकडं, पाणी इकडं, आणि हा मेला तिकडं! तू तुझं कालवण बघ, बाई."

"कालवण गेलं खड्ड्यात! तिथं माझा भाऊ आहे."

तेवढ्यात धुकं फाटलं. हिमनगाच्या कुशीत, तिनं हूक मारला तिथंच, निळी खोक होती. हातभर ढलप्याची खोक आता दारभर झाली होती... आणि तिचं तोंड फलाटाकडे होतं.

तिनं रेडिओ हिसकावला. "गस, तो बर्फ समुद्रात फेक! आत्ताच्या आत्ता!"

"अगं ताई, कधीच संपला. मी एकट्यानं संपवला. सगळे खादाड म्हणतात मला." तो हसला. "पोटात अजून गार लागतंय गं..."

दुपारी हेलिकॉप्टरनं माणसं हलवली, गस पहिल्याच फेरीत. हिमनग फलाटाच्या अलीकडे थांबला. टोबिननं टोपी उडवली. फिलोमिना मात्र बघतच राहिली. हिमनग हळूहळू वळत होता. खोक पश्चिमेला आली. हेलिकॉप्टर तिकडंच गेलं होतं.

किनाऱ्यावर उतरल्याउतरल्या तिनं गसला फोनवर झापलं. "घरी थांबू नकोस. समुद्रापासून लांब, मावशीकडे जा."

"वेड लागलंय तुला."

"जा म्हणते ना!"

गेला बिचारा, वीस कोस आत.

शनिवारी हिमनग रडारवर दिसेना. वितळला, टोबिन म्हणाला. जूनच्या उन्हात वितळणारच. फिलोमिनानं दोन दिवसांनी पहिला घास खाल्ला, तोच मावशीचा फोन आला.

"गस कसाय?"

"झोपलाय. पांघरुणं चार घातली, तरी कुडकुडतोय. ते राहू दे. मला सांग पोरी, आमच्या तळ्यात एवढा बर्फ कुठून आला गं? सकाळी पलीकडच्या काठाला होता... आता धक्क्याला टेकलाय."