सुपातलं पोर

मोशीत सारजाबाईच्या तोंडाला लागायची हिंमत तलाठ्यालासुद्धा नव्हती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं शेती राखली, एकुलत्या मुलाला, मुरारीला, वाढवलं. आता तो पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर सायकलीनं जायचा. "सिमेंटात गेला, पर माझ्या हातच्या भाकरीबिगर जेवत न्हाई," हे ती चारचौघींत मुद्दाम ऐकवायची. देवळात जायची ती सणावारी, नवं लुगडं दाखवायला.

एकच गोष्ट तिच्या हातात नव्हती. सून अंबूबाईची दोन मुलं महिन्याच्या आत गेली होती. तिसरा मुलगा झाला तेव्हा त्याला पाजताना अंबूबाई भिंतीकडे बघायची.

"सुपात घाला की त्याला," सारजाबाईची चुलत जाऊ पुतळाबाई म्हणाली.

ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं बाळ सुपात घालून वाटेवर ठेवायचं. पहिली जी बाई येईल तिनं ते उचलायचं, आणि घरच्यांनी मूठभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. मग ते विकतचं पोर होतं. विकतच्यावर कुणाची नजर जात नाही म्हणतात.

"पोर हाय का मेथीची जुडी?" सारजाबाई फिसकारली. पण सुनेची ती भिंतीला लागलेली नजर तिलाही सोसेना. "बरं. पर कुनीबी वाटसरू चालायची न्हाई. माझ्या नातवाला कोन हात लावंल ते मी ठरवनार. सकाळी आळंदीकडनं तूच ये."

"अवं जाऊबाई, हे ठरवून कुटं असतंय? जी यील ती."

"मी सांगते तशी ये."

आळंदीची गाडीवाट नाशिकच्या सडकेला मिळते तिथं, बाभळीखाली सूप ठेवलं. दोन्ही बाजूंना हरभरा, वीतभर वाढलेला. वाट लांबवर उघडी. रिवाजाप्रमाणे सारजाबाई पाठ करून उभी राहिली.

काकणं वाजली म्हणून तिनं वळून बघितलं. पुतळाबाई नव्हती. हिरव्या लुगड्यातली कुणी परकी बाई बाळाला घेऊन उभी होती. वाटेवर घोटाभर धूळ, पण तिचे पाय धुतल्यासारखे स्वच्छ. बाळ तिच्याकडे टक लावून बघत होतं.

"ठिव ते खाली," सारजाबाई कडाडली. "तुझ्यासाठी न्हाई मांडलं."

त्या बाईनं बाळाला सुपात अलगद ठेवलं, झोपलेल्याला ठेवावं तसं, आणि आळंदीच्या वाटेनं चालू लागली.

सारजाबाईनं बाळाची दुपटी सारखी केली, तोवर त्याच वाटेनं पुतळाबाई आली. तिनं बाळ उचललं, सारजाबाईनं कोंडा दिला. नाव ठेवलं कोंडीराम.

"ती हिरव्या लुगड्याची कोन गं?" घरी जाताना सारजाबाईनं विचारलं. "तुला आडवी आली असंल."

"कोन बाई? वाटंवर चिटपाखरू न्हवतं."

महिना उलटला. दुसरा उलटला. कोंडीराम अंगानं भरला. अंबूबाई आता त्याच्याकडे बघून पाजायची, बघून हसायची. घरात जेवण उतरत नव्हतं ते फक्त सारजाबाईच्या घशाखाली. पहिल्यांदा उचललं दुसरीनंच, आणि तिला काहीच दिलं नाही, हे सारजाबाईशिवाय कुणाला ठाऊक होतं?

अंबूबाई तीट लावायची डाव्या गालाला. दुपारी ती उजव्या गालाला असायची, बोटानं नीट गोल केलेली. घरात तेल करडईचं, पण बाळाच्या टाळूला वास यायचा तिळाच्या तेलाचा.

"आत्याबाई, किती करता त्याचं," अंबूबाई म्हणायची.

सारजाबाईनं ना तीट लावलेली असायची, ना तेल.

तिनं पदराच्या गाठीत मूठभर कोंडा बांधला तो कायमचा. चाकणच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांमधून हिरवं लुगडं दिसलं की ती धाप लागेस्तोवर मागं जायची. दारावरून जाणाऱ्या बाईला हाक मारून पाणी द्यायची, बसायला घोंगडी टाकायची. कुणास ठाऊक, हीच असायची.

"जाऊबाई, जिभंला गूळ लागला का काय?" पुतळाबाईनं टोमणा मारला. सारजाबाईनं तिलाच पाण्याचा तांब्या पुढं केला, तशी तीच घाबरली.

एकदा कारखान्याच्या कामावरची एक मजूर बाई ओसरीवर भाकरी खात होती. तिनं आपला पहिला घास मांडीवरच्या पोराला भरवला. ते बघता बघता सारजाबाईचे हात आपोआप जोडले गेले. देवळाबाहेर असं कधी झालं नव्हतं.

मग एका दुपारी, अंबूबाई धुणं घेऊन इंद्रायणीवर गेलेली असताना, सारजाबाईची डुलकी मोडली. दारात सावली होती.

हिरवं लुगडं. स्वच्छ पाय.

"पानी द्या, बाई."

सारजाबाईनं तांब्या दिला. पदराची गाठ सोडली.

"माझं चुकलं. हे घे, माय."

बाईनं पदर पसरला. कोंडा पडल्याचा आवाजही झाला नाही. तिनं गाठ मारली.

"आता तुमचं तुमाला," ती म्हणाली आणि गेली.

आत पाळण्यात रडू फुटलं.

सारजाबाई धावली. बाळाला उचलून मांडीवर घेतलं, पदराखाली झाकलं. रडू थांबलं. इवल्या मुठीनं तिचं बोट धरलं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

"आमचा झालास रं सोन्या," ती म्हणाली. "आता कुनाचं देनं न्हाई."

उंबऱ्यावर धुण्याचा पिळा आपटला.

"तुमचा डोळा लागला हुता, आत्याबाई. उठवलं न्हाई, संगंच न्हेला ह्याला," अंबूबाई धापा टाकत बोलली. तिच्या कडेवर कोंडीराम होता. डाव्या गालावर तीट. "पानी बघून कसा खिदळला..."

बोलता बोलता तिचं लक्ष सासूच्या मांडीकडे गेलं.

सारजाबाईनं खाली बघितलं नाही. मांडीवरून तिळाच्या तेलाचा वास येत होता.

पदराखालच्या मुठीनं तिचं बोट आणखी घट्ट धरलं.