रिताच्या जागी गुंजन

दिवा जरा इकडे सरकवा, मग सांगते.

दिघोरीत आमच्या कुडाला लागूनच अमरचं घर. लग्नाच्या, तेरवीच्या पत्रिका तो घरीच कॉम्प्युटरवर बनवायचा. त्या दिवशी दुपार कलल्यावर मी लाखोरीची भाजी द्यायला गेले. भाजी निमित्त होतं. आतून नवराबायकोचा चढा आवाज येत होता, आणि मला राहवत नाही.

"हर पत्रिकेखाली 'रिता ग्राफिक्स', 'रिता ग्राफिक्स'! मंग मले वरठीहून आणलं कायले?" गुंजन म्हणत होती. गुंजन अमरची दुसरी बायको. पहिली, रिता, गेल्या पौषात तापानं गेली.

"बदलवतो न बाई! बसा काकू," अमर हसला. "साऱ्या फायली उघडत बसाची गरज नाही. ही पाहा, शब्द बदलवाच्या 'सेड' कमांडची एक ओळ. जुना शब्द, तिरपी रेघ, नवा शब्द. स्क्रिप्ट चालवली का कॉम्प्युटर सोताच साऱ्या फायलीत बदलवते."

"अन् चुकलं तं?"

"मशीन चुकत नाही, काकू. सांगतलं तेवढंच करते."

त्यानं बटण दाबलं. पापणी लवायच्या आत काम झालं. पण पहिलीच फाइल उघडली आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो. 'लग्नाकरिता'चं 'लग्नाकगुंजन' झालं होतं! 'करिता'च्या पोटातही रिता आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुही सवत तं जागोजागी लपून हाय वो," मी गुंजनला चिडवलं.

ती हसत हसत पुढची फाइल उघडायला वाकली, आणि तशीच थांबली.

रिताच्या तेरवीची पत्रिका होती ती. 'आमची सून सौ. गुंजन हिचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले...'

तेवढ्यात लाइट गेली. खोलीत प्रिंटरच्या शाईचा उग्र वास दाटला, टेबलाखाली यूपीएस टीं... टीं... करू लागला. गुंजन मटकन खाली बसली. मी हात धरला तर निखारा. आत्ता तर धडधाकट होती पोरगी!

"अमर... इचं आंग पाह्य..."

"उलटं करतो काकू... सारं उलटं करतो..."

यूपीएस बंद पडायच्या आत त्यानं ओळ फिरवली. आता जुना शब्द गुंजन, नवा शब्द रिता. सगळ्या फायलींत, त्या दोघांच्या लग्नपत्रिकेतही.

पत्रिकेवर पुन्हा रिताचं नाव आलं. गुंजनला दरदरून घाम फुटला, तिनं डोळे उघडले. मी देवाला हात जोडले.

तोच तिचा फोन वाजला. वरठीहून तिची आई. मीच उचलून स्पीकरवर टाकला.

"कलाबाई का जी? आमची रिता बरी हाय न?"

"कोन... गुंजन?"

"गुंजन कोन? माही पोरगी, रिता."

अमरनं ते ऐकलं. तो पडद्याकडे पाहतच राहिला. पत्रिका अजून उघडीच होती. 'आमची सून सौ. रिता हिचे...'

दोघी सुनांचं आता एकच नाव.

"द्या न काकू, माय हाय न?" गुंजननं फोन घेतला. "हो माय... रिताच बोलून राहिली. बरी हाय मी."

मी तिचा दुसरा हात हातात घेतला. ताप उतरला होता. मी दोन्ही तळव्यांत घट्ट धरून चोळत बसले, तरी ताप उतरतच होता, हात गार पडत होता...